पहिलं भोक: भुसावळातली नॅटिका, अकरावा आठवडा

मंडळी, अखेर आज भोक दिसलं! नॅटिका म्हणजे माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली समुद्री गोगलगाय, शिंपल्यांना भोक पाडून आतलं मांस खाणारी.

मंगळवारी रात्री टाकीत चार जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) सोडल्या. भाऊ अलिबागहून येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला होता. पहाटे बघतो तर नॅटिकानं एक शिंपली पायात लपेटलेली. पाय पसरला की शंख पार झाकून जातो. हळूहळू दोघी वाळूखाली गेल्या, मग तीन दिवस नुसता एक उंचवटा.

आज चिमट्यानं शिंपली वर काढली. दोन्ही झडपा बिजागरीला घट्ट, आत मांसाचा कण नाही, आणि टोकाशी गोल भोक. बाहेरून रुंद, आत निमुळतं, सुतार स्क्रूचं डोकं बसवायला कोरतो तसं. म्युरेक्स ही भोक पाडणारी दुसरी समुद्री गोगलगाय, तिच्या भोकाच्या कडा सरळ असतात, हे वेगळं ओळखू येतं. आधी आम्लाचा स्राव सोडून कवच मऊ करायचं, मग दातेरी जिभेनं खरवडायचं, पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. किती चिकाटी!

मे महिन्यात नॅटिका हातची जाणार होती, म्हणून या भोकाचं मला एवढं अप्रूप. बाहेर ४५ अंश, दुपारभर लाईट नाही, टाकीचं पाणी ३१ वर. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, आणि मी भर घालत होतो खाऱ्याच पाण्याची. पाण्याची घनता (खारटपणा यावरूनच मोजतात) १.०२५ वरून १.०२८ झाली. नऊ दिवस ती वाळूतून वर आली नाही.

आता सकाळ-संध्याकाळ फक्त आरओचं गोडं पाणी घालतो. पाण्यावर छोटा पंखा लावलाय, इन्व्हर्टरवर. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कुलर चालतो तसा तो चालतो. पाणी २७ ला टिकतं. कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही.

आई एकदा तांब्याच्या कळशीतलं पाणी ओतायला निघाली होती, धावत जाऊन थांबवलं. तांबं म्हणजे गोगलगायींना विष. माशांच्या बऱ्याच औषधांतही ते असतं, बाटली वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका.

धुळ्याच्या मित्रानं कोन स्नेल (कोनाच्या आकाराच्या शंखाची विषारी समुद्री गोगलगाय) ठेवू का विचारलं. नको रे बाबा. त्यातल्या कोनस जिओग्राफस या जातीच्या डंखानं माणसं गेली आहेत आणि त्यावर उतारा नाही. किनाऱ्यावर कोनाच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर हातही लावायचा नाही.

उरलेल्या तीन शिंपल्यांपैकी दोघींच्या पाणी आत-बाहेर करायच्या नळ्या वाळूतून वर दिसतात. एकीची सकाळपासून दिसली नाही. वाळूत मरून पडली असेल तर पाणी नासेल, म्हणून रात्री अमोनिया तपासतो.