आमची वाटचाल : चादरीच्या गावात इंचभराचे सैनिक

सोलापुरात आम्ही ऑर्डरप्रमाणे वॉरगेमिंगचे, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचे, छोटे सैनिक रंगवून देतो. सुरुवातीची पद्धत जुनीच: काळा प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर), सपाट बेस रंग, तपकिरी वॉश (खाचेत उतरणारा पातळ रंग), उंचवट्यांवर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशाने रंग घासणं). २८ मिलिमीटरच्या साध्या शिपायाला ती आजही पुरते. पुढे एकेक नवं तंत्र कामात घेतलं आणि प्रत्येक वेळी इथल्या हवेशी जमवून घ्यावं लागलं. परदेशी व्हिडिओतली प्रमाणं मे महिन्यातल्या सोलापुरात चालत नाहीत.

आधी आलं झेनिथल प्रायमिंग, म्हणजे वरून उजेड पडल्यासारखा प्रायमर मारणं. सगळीकडून काळा, मग ४५ अंशांतून करडा, शेवटी थेट डोक्यावरून पांढऱ्याचा एकच हलका फवारा. रंग लागण्याआधीच उजेड-सावली ठरून जाते. स्प्रे कॅनवर साधारण २५-३० सेंटिमीटर अंतर सांगितलेलं असतं. पारा चाळिशीपार गेला की तेवढ्या वाटेत थेंब हवेतच सुकतात आणि सैनिकावर रव्यासारखा खरखरीत थर बसतो. चेहऱ्याचे बारकावे गेलेच म्हणायचे. म्हणून उन्हाळ्यात फवारणी सकाळी आठच्या आत, अंतर १५-२० सेंटिमीटर, आणि हात एका जागी थांबता कामा नये.

२०१९ मध्ये सिटाडेल या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग आले आणि तुकडीच्या कामाचा हिशेबच बदलला. हा रंग पारदर्शक. उंचवट्यावरून ओघळून खाचेत साठतो, त्यामुळे एकाच हातात बेसही होतो, सावलीही. साखळी चिलखत, फर, दोरखंड यांवर झकास. सपाट ढालीवर मात्र डाग पडतात, तिथे आम्ही तो लावतच नाही. उन्हाळ्यात त्रास कडेचा: झग्याची एक बाजू रंगवेपर्यंत दुसरी सुकते आणि मध्ये रेघ उमटते. पाणी घालून पातळ केला तर बाइंडर (रंग धरून ठेवणारा घटक) कमजोर पडतो, रंग ठिपक्याठिपक्यांनी गोळा होतो. त्याचंच मीडियम (रंग पातळ करायचा द्रव) घालायचं, एक भाग रंगाला अर्धा भाग, आणि बाही, झगा, पाय असा एकेक तुकडा संपवत जायचं. खोलीत पाण्याचा कूलर लावला की दमट हवेत रंग जरा उशिरा सुकतो. वार्निशच्या वेळी तोच कूलर वैरी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ऑइल वॉशने, म्हणजे तैलरंगाच्या वॉशने, आणि फळही त्याचंच मोठं. अॅक्रिलिकवर आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश मारून चोवीस तास ठेवायचं. ही पायरी गाळली की स्पिरिट खालचा रंग उचलतं, गुडघे-कोपर उघडे पडतात. वाटाण्याएवढा बर्न्ट अंबर तैलरंग पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवला की जादा जवसतेल पुठ्ठा शोषून घेतो. ते राहिलं तर सुकायला दिवस लागतात आणि चकाकीही जात नाही. मग बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करून सगळीकडे फासायचा. अर्ध्या तासाने, मे महिन्यात वीस मिनिटांतच, मेकअपच्या स्पंजने वरून खाली पुसायचं. खाचेतला रंग राहतो, उंचवटा स्वच्छ निघतो. चुकलं तर दुसऱ्या दिवशीही स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या स्पंजाने सुधारता येतं. अॅक्रिलिक वॉशमध्ये ही सोय नाही. आता साधी तुकडी कॉन्ट्रास्टने निघते, ऑइल राखून ठेवतो सेनापतींसाठी आणि रणगाड्यांसाठी.

टेबलावर टॉवेल मात्र ठेवत नाही, भले गाव टॉवेलचं असो. टेरीची लव ओल्या तैलरंगावर बसली की तो तंतू वार्निशखाली कायमचा. ब्रश पुसायला धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर बरं.

शेवटी मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, वार्निश. पावसाळी हवेत फवारलं तर ओलावा थरात अडकून सैनिकावर पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत कॅन कपाटात जातो आणि एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन) बाहेर येतो: हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, नळीत पाणी अडवणारा ट्रॅप, दोन पातळ हात. झाक आलीच तर वरून ग्लॉसचा पातळ थर दिला की बहुतेक वेळा ती विरते. मग हवा कोरडी मिळेल त्या दिवशी पुन्हा मॅट.