नवरी कुठंय?

लंडनच्या नॅशनल गॅलरीला आमच्या टूरमध्ये पाऊण तास मिळतो. प्रवेश फुकट, स्वच्छतागृह चांगलं आणि व्हॅन गॉगची सूर्यफुलं; टूर मॅनेजर म्हणून मला तेवढं पुरतं. त्या दिवशी सूर्यफुलांपुढं शाळेच्या पोरांची झुंबड होती, म्हणून बत्तीस जणांना घेऊन टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या खोलीत शिरलो. दोन चित्रं टर्नरची, दोन क्लोद लोरँची.

पाठ केलेलं बोलून टाकलं. लोरँ सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार, हयात रोममध्ये गेली. हे १६४८चं चित्र, बायबलमधल्या इसहाक आणि रिबका यांचं लग्न.

"नवरी कुठंय?" एका काकूंनी विचारलं.

दीड मीटर उंच, दोन मीटर रुंद चित्र. मध्ये एक जोडी नाचतेय. तिच्याकडं बोट दाखवून मी मोकळा झालो. काकूंना पटलं नाही. "लग्नघर वाटतंय का हे? सहलीला आल्यासारखे बसलेत सगळे!"

राज्य नाट्य स्पर्धेला वर्षानुवर्षं प्रकाशयोजना केलेले एक काका चष्मा कपाळावर चढवून पुढं वाकले. गार्ड खाकरला. "अहो, इथं खोडावर काहीतरी लिहिलंय."

आठ वर्षं मी हे चित्र दाखवतोय. ती अक्षरं मला कधी दिसलीच नव्हती! तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर, फ्रेंचमध्ये, इसहाक-रिबकाचं लग्न. रात्री हॉटेलवर वाचलं, जवळपास असंच दुसरं चित्र रोमच्या दोरिया पांफिली संग्रहात आहे. त्यात ही अक्षरं नाहीत, म्हणून ते नुसतं 'पाणचक्की'. म्हणजे लग्न काय ते त्या बुंध्यावर. लोरँ म्हणे गमतीनं सांगायचा, पैसे निसर्गाचे घेतो, माणसं फुकट देतो.

काकांनी ते न वाचताच ओळखलं होतं. "कडेची झाडं म्हणजे विंगा. पुढं अंधार, सगळा उजेड मागच्या आभाळात. माणसांवर स्पॉट मारलेलाच नाही, नवरी सापडणार कशी? इथं पडदाच हिरो आहे." मग ते टर्नरच्या, कार्थेज या प्राचीन शहराच्या चित्राकडं वळले. "आणि ह्यानं लाइट सरळ डोळ्यांवर सोडलाय."

आपली दोन चित्रं लोरँच्या शेजारी टांगा, असं टर्नरनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. ही त्याची मिजास, असं मी आजवर ग्रुपला हसत सांगायचो. त्या दिवशी सांगितलं नाही.

ड्रायव्हरचे तीन मिस्ड कॉल येऊन गेले होते. सूर्यफुलं राहिली, म्हणून दोघांनी फीडबॅक फॉर्ममध्ये नाराजी नोंदवली.