तिसरं सिझेरियन आणि चिकटलेली वार

वार (प्लॅसेंटा) खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे, हे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं. बऱ्याच जणींची ती पुढे वर सरकते, माझी सरकली नाही. आधीची दोन सिझेरियन, म्हणून वाळपईहून मला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात पाठवलं.

कलर डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत दिसलं की वार जुन्या शिवणीवरच बसून पिशवीच्या स्नायूत शिरली आहे. दोन सिझेरियननंतर वार खाली असेल, तर शंभरातल्या साधारण ४० जणींची अशी चिकटते, असं डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा आधी सिझर झालेल्या बाईने सोनोग्राफीत ‘वार कुठे आहे, शिवणीवर आहे का?’ हे विचारून घ्यावंच.

पिशवी टाके घालून वाचवतात असं मी ऐकलं होतं. ते विचारलंही. ते टाके पिशवी सैल पडून आकसत नाही तेव्हाचे, असं कळलं. इथे वार ओढली की रक्ताचा लोट. दिवस भरत आले की पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. त्यामुळे वार सोडवायचीच नाही, बाळ काढून पिशवी वारेसकट काढायची. संमतीपत्रावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. ह्यांनी सही केली, मग मी. माझ्या सहीला जरा वेळ लागला.

कळा सुरू व्हायची वाट बघायची नव्हती. ३४ आठवडे झाल्यावरची तारीख ठरली, बाळाच्या फुफ्फुसांसाठी आधी इंजेक्शनं दिली. रक्ताची सोय मात्र आम्हाला धावपळ करायला लावणारी. गणपतीची चवथ तोंडावर आलेली, तरी आमच्या वाड्यावरची घुमट वाजवणारी पोरं आरत्यांची तालीम सोडून रक्तपेढीत हजर!

पोटावर उभा छेद दिला. बाळ वारेच्या वरच्या बाजूने काढलं, रडणं ऐकू आलं आणि मग मला पूर्ण भूल दिली. मूत्राशय वारेला लागून होतं, म्हणून लघवीची नळी घरी येईपर्यंत राहिली. बाळ काचेच्या पेटीत, मी वरच्या मजल्यावर. दूध काढून पाठवायचं, एवढंच माझं काम.

पाळी कायमची थांबली. बीजांडकोश ठेवले आहेत, त्यामुळे अकाली म्हातारपण वगैरे काही येत नाही. सासूबाईंना हे माझ्याकडून पटेना, शेवटी टाके बघायला गेलो तेव्हा डॉक्टरांनाच सांगायला लावलं.