काळ्या पाण्यावर गेलेले खापरपणजोबा

आमच्या घरी, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, एवढंच सांगत की खापरपणजोबा सत्तावनच्या बंडात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्याबरोबर होते, आंबापाणीच्या लढाईत सापडले आणि काळ्या पाण्यावर गेले. मेल्याची तिथी कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला. काकांना तिथी हवी होती. मला त्या निमित्तानं माणूस शोधायचा होता.

ज्यांना असं कुणी शोधायचंय त्यांनी आधी जळगावला हेलपाटे घालू नयेत. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा, आणि कलेक्टर कचेरी धुळ्याला. शिवाय नुसत्या नावावर काही हाती लागत नाही. बापाचं नाव, जात, गाव, आणि मुख्य म्हणजे शिक्षेचं साल हवं.

साल आम्हाला घरच्याच पत्र्याच्या पेटीत मिळालं. निकालाची फाटकी नक्कल होती, 1869 ची. कलम 395. आता भारतीय दंड विधान लागू झालं 1 जानेवारी 1862 ला, आणि आंबापाणीची लढाई एप्रिल 1858 ची. बंडाचा प्रश्नच मिटला. 395 म्हणजे दरोडा. काका चिडलेच, "हाई आते कसाले उकरी ऱ्हायना?" पण मी उकरत राहिलो.

मुंबईत काळ्या घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेखागार आहे. न्याय खात्याचे खंड सालवार लावलेले. आधी सूची बघायची, मग चिठ्ठी भरून खंड मागवायचा आणि वाट बघायची. घाई असलेल्या माणसाचं ते काम नव्हे. इंग्रजी लिपिकानं आपली नावं कशी लिहिली असतील त्याचा नेम नाही, म्हणून मी नावाऐवजी गाव शोधत गेलो.

शिक्षेच्या सालात फक्त यादीतली एक ओळ मिळाली. खरं घबाड पुढच्या खंडांत होतं. अंदमानात बरीच वर्षं नीट वागलेल्या कैद्याला तिकीट, म्हणजे मोकळीकीचा परवाना, मिळे. मग तो 'सेल्फ सपोर्टर', म्हणजे स्वतःची शेती करून खाणारा, आणि त्याला देशातून बायकामुलं बोलावता येत. खापरपणजोबांनी तसा अर्ज केला होता. तो फिरत फिरत कलेक्टरकडून मामलेदाराकडे आला आणि खापरपणजीची जबानी झाली. ती मोडी लिपीत, इंग्रजी पत्राला जोडलेली.

धुळ्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून दिली. खापरपणजीनं नकार दिला होता. मुलगा आता औत धरायला लागलाय, जमीन पडीक टाकून मी येणार नाही, असा आशय. खाली सहीच्या जागी बांगडीची निशाणी: हातानं काढलेलं, नीट न मिटलेलं एक वर्तुळ. घरात तिची आठवण 'बिचारी' अशीच काढायचे. मला तरी ती बिचारी वाटत नाही.

मृत्यूची नोंद मिळाली नाही. 1942 ते 45 जपान्यांच्या ताब्यात असताना पोर्ट ब्लेअरचं बरंचसं दप्तर गेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मात्र गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअरच्या फायली आहेत, आणि बऱ्याच 'अभिलेख पटल' पोर्टलवर घरबसल्या दिसतात. सध्या त्याच चाळतोय. सेल्फ सपोर्टरला तिथल्याच कैदी बाईशी लग्नाची परवानगी मिळे, त्यामुळे तिकडे आपले भाऊबंद असण्याचीही शक्यता आहे. हे ऐकल्यापासून काकांनी तिथीचा विषय सोडलाय. काही सापडलं तर आधी मला फोन कर म्हणाले, घरच्या ग्रुपवर टाकू नकोस.