हंपी–बदामी फेरीची शिदोरी : ओलाव्याच्या क्रमाने केलेली बांधाबांध

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग असे करीत होसपेट, तिथून हंपी आणि बदामी, आणि परत येताना विजापूर व सोलापूर, अशी मोटारीची फेरी नुकतीच पूर्ण झाली. मार्च अखेरचे ऊन आणि नुसत्या जाण्याच्या वाटेचेच साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर लक्षात घेऊन या खेपेस शिदोरीची आखणी पदार्थांच्या यादीवरून न करता त्यांच्यातील ओलाव्यावरून केली. जो पदार्थ सर्वांत ओला, तो सर्वांत आधी संपवायचा, हे एकच सूत्र ठेवले आणि ते फेरीभर उपयोगी पडले.

उकडलेला बटाटा, ओले खोबरे, कांदा आणि कोथिंबीर यांना त्यामुळे फक्त पहिल्या जेवणात जागा मिळाली. बटाट्याची सुकी भाजी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या कऱ्हाडच्या अलीकडेच संपवल्या. होसपेटच्या मुक्कामापर्यंत धपाटे पुरले. त्यांचे पीठ दह्यात भिजवले होते, त्यात कांदा मुळीच घातला नव्हता, आणि लसूण वाटण्याआधी तेलात खरपूस परतून घेतली होती. त्यानंतरच्या दिवसांसाठी दशम्या होत्या, आणि शिदोरीची खरी कसोटी तिथेच लागते असे माझे मत आहे.

दशमीसाठी दोन वाट्या कणकेला दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घातले आणि ती साधारण पाऊण वाटी दुधात भिजवली. पाण्याचा थेंबही वापरला नाही. पूर्वी सोवळे पाळणाऱ्या मंडळींना दशमी प्रवासात चालत असे, ती याच कारणाने. गोड दशमीसाठी दूध उकळून कोमट होऊ द्यावे आणि मगच त्यात किसलेला गूळ विरघळवावा, कारण कढत दुधात गूळ टाकला की ते नासते. गूळ स्वतः पातळ होत असल्याने या पिठाला दूध कमी लागते, म्हणून ते चमच्याचमच्याने घालणे बरे. लाटताना जाडी पोळीपेक्षा जास्त आणि भाकरीपेक्षा कमी ठेवली. आच मंद असावी, कारण गुळामुळे दशमीला वरून रंग लवकर चढतो आणि कडा मात्र कच्च्या राहतात. कडा उलथन्याने दाबून भाजल्याशिवाय दशमी तव्यावरून उतरवू नये.

भाजण्याइतकेच महत्त्व निवण्याला आहे. दशम्या एकावर एक न रचता जाळीवर सुती पंचा अंथरून सुट्या ठेवल्या आणि मधे एकदा उलटल्या. हाताला गार लागल्या तरी लगेच बांधल्या नाहीत. एक दशमी स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावले आणि पंधरा मिनिटांनी उघडून झाकणाची आतली बाजू पाहिली. तिथे धुके दिसले तर सगळ्या दशम्या पुन्हा पंच्यावर जायला हव्यात, कारण तीच वाफ पुढे पाणी होऊन वरच्या दशमीवर उतरते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. या वेळी झाकण कोरडे निघेपर्यंत बांधाबांध थांबवून ठेवली. ही परीक्षा प्रत्येकाने करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

डब्यांबाबत एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घट्ट झाकणाला जी रबरी कडी असते, तिच्याखालच्या खाचेत धुतल्यानंतरही पाणी आणि जुने तेल अडकून राहते. कडी काढून ती वेगळी घासली, झाकणे आदल्या दिवशी उन्हात पालथी ठेवली आणि मगच डबे भरले. एका मोठ्या डब्याऐवजी प्रत्येक जेवणाचा स्वतंत्र पुडा बटर पेपरमध्ये बांधला आणि त्यावर मुक्कामाचे नाव लिहिले. मोठा डबा प्रत्येक खेपेस उघडला की आत ओले हात जातात आणि उरलेले अन्न त्यानेच लवकर खराब होते. पुडा मात्र एकदाच उघडतो. पुड्यांची पिशवी डिकीत न ठेवता मागच्या आसनाच्या पायाशी, उन्हाची बाजू टाळून ठेवली.

कोरड्या सामानात खलबत्त्यात कुटलेली सोलापुरी पद्धतीची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सातूचे पीठ आणि गुळपापडीच्या वड्या होत्या. पातळ पोहे मंद आचेवर भाजून वेगळे ठेवले आणि मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या व शेंगदाणे यांची फोडणी गार करून काचेच्या बरणीत भरली. कढीपत्ता कुरकुरीत होऊन त्याची तडतड पूर्ण थांबेपर्यंत तळावा, नाहीतर पानातले पाणी तेलात राहते. हंपीत सकाळी गावातून दही आणले, त्यात पोहे, मेतकूट आणि फोडणी कालवली आणि चूल न पेटवता भरपेट न्याहारी झाली. संपूर्ण फेरीत मला सर्वांत समाधान देणारा पदार्थ हाच ठरला.

उत्तर कर्नाटकाच्या या वाटेवर फार सामान नेण्याची गरजही नाही. हुबळी–गदग भागातील खानावळीत मिळणारी कडक ज्वारीची रोटी आणि शेंगा चटणी ही आपल्या सोलापूरच्या कडक भाकरीची आणि चटणीची सख्खी बहीणच आहे. नीट वाळलेली कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, म्हणून परतीच्या वाटेसाठी दशम्यांवर भिस्त न ठेवता बदामीतच तशा रोट्या विकत घेतल्या, आणि सोलापूर ओलांडेपर्यंत त्या घरच्या चटणीबरोबर उत्तम लागल्या.

पुढची तयारी पावसाळ्यातील कोकणच्या वाटेची आहे. दमट हवेत गूळ पाघळतो आणि गुळपापडी चिकट होते, म्हणून खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे आणि डिंक यांच्या वड्या करून पाहणार आहे. तुपाचे प्रमाण कुठवर कमी केले तरी वडी फुटत नाही, हे ज्यांनी करून पाहिले असेल त्यांनी आपले माप जरूर कळवावे.