आमची वाटचाल : परतवाड्यातलं ब्रेकचं दुकान आणि मापाची वही

परतवाड्यात ब्रेकचं काम करणारे पुष्कळ आहेत, पण पॅड टाकायच्या आधी डिस्क प्लेट, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि पॅड जिला दाबून गाडी थांबवतात ती लोखंडी चकती, मायक्रोमीटरनं मोजून गाडीमालकाला आकडा दाखवणारं दुकान आमचंच, हे मी छातीठोक सांगतो, ज्याला खोटं वाटत असेल त्यानं येऊन पाहावं.

सुरुवात काकांची. त्यांचं काम म्हणजे ड्रमचे शू, म्हणजे चाकाच्या डब्यात आतून दाबणारे ब्रेक, त्यांच्यावरचा जुना लायनर (घासणारा थर) छिन्नीनं उडवायचा, नवा बसवून पितळी रिव्हेट ठोकायचे. लाकडाच्या डेपोतले ट्रक, मेटाडोर, मेळघाटात चालणाऱ्या जीपगाड्या, सगळं ड्रमचंच. काकांचं रिव्हेटचं बाकडं अजून दुकानात आहे, त्याच्या लोखंडाला मधोमध वाटीसारखा खड्डा पडलाय. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा आणि काका ड्रममधली धूळ तोंडानं फुंकायचे, कोणी सांगणारंच नव्हतं. आता नव्या पॅडची धूळ असली तरी मी पोट्ट्यांना हवा मारू देत नाही, ओल्या फडक्यानंच पुसायची, तुम्हीही घरी चाक खोलत असाल तर हे ध्यानात ठेवा.

पुढं डिस्कच्या गाड्या वाढल्या तेव्हा मी आणि माझा एक दोस्त, दोघांनी भागीदारीत टिनाच्या शेडमध्ये दुकान टाकलं. तो गल्ला आणि गिऱ्हाईक पाहायचा, हात माझा. पहिल्याच वर्षी अमरावतीच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून मी 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर आणि फिरती प्लेट किती डुलते ते काट्यावर दाखवणारा, चुंबकाच्या स्टँडचा डायल गेज आणला, लाकडी डबीतल्या मखमलीला वाळवी लागली होती पण काटा पक्का होता. दोस्त म्हणे, व्हर्नियर आहे ना दुकानात, मग हा खर्च काऊन? आता ज्यांना कळतं त्यांना कळतं, प्लेट घासली की मधला भाग खाली जातो आणि काठावर गंजाची कड उभी राहते, व्हर्नियरचा जबडा त्या कडेवरच टेकतो आणि प्लेट आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. प्लेटवर मिनिमम जाडी कोरलेली असते. समजा 15 मिलिमीटर लिहिलंय, व्हर्नियर 15.4 दाखवतो आणि मधे खरी आहे 14.6, म्हणजे ती प्लेट गेली, तिच्यावर नवे पॅड टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच झालं.

तेव्हापासून मी वही घातली. गाडीचा नंबर, मालकाचा फोन, किलोमीटर, डावी प्लेट, उजवी प्लेट, पॅड किती उरला, सगळं. तेच आकडे एका चिठ्ठीवर लिहून गाडीवाल्याला द्यायचे. डाव्या-उजव्यात फरक दिसला की समजायचं, एका बाजूची कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या पकडीची) पिन जाम आहे, ती काढून साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा नाहीतर नवे पॅडही तिरपेच घासणार. साधं चेसिसचं ग्रीस तिथं चालत नाही, रबराचं बूट फुगतं.

मधली वर्षं बरी गेली, त्याचं काय सांगायचं.

2016 मध्ये भागीदारानं एका लोकल पॅडवाल्याशी बोलणं केलं. नाव ना पत्ता, डबा मात्र चकाचक. जोडीमागं कंपनीच्या मालापेक्षा तिप्पट सुटत होते. मी एक पॅड घेऊन पाहिला, त्यावर कोडच नव्हता. चांगल्या पॅडच्या कडेला किंवा पत्र्यावर कोड छापलेला असतो, त्यात दोन इंग्रजी अक्षरं असतात, पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. पकडीचा, म्हणजे घर्षणाचा, आकडा ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्याही वर 0.55 पर्यंत. एफएफ असेल तर गरम झाल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते, एफई असेल तर तापल्यावर खाली येते. बाकी पॅड किती टिकंल ते ही अक्षरं सांगत नाहीत. मी म्हटलं, आपल्या गाड्या चिखलदऱ्यावरून उतरतात, हजार मीटरच्या वरून, धामणगाव गढीपर्यंत ब्रेकला उसंत नाही, बिनकोडाचा माल मी लावणार नाही. तो म्हणाला, तू मोजत बस.

दोन महिन्यांत तो निघाला आणि रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोर, त्याचं दुकान लागलं. बोर्डावर लिहिलं, 'पॅड 20 मिनिटांत'. दुकान टाकलं त्याचं मला दुःख नाही, धंदा आहे, कोणीही टाकावा. पण जाताना तो माझी मापाची वही घेऊन गेला. त्याला त्यातले फोन नंबर पाहिजे होते. एकेकाला फोन करून सांगितलं की मी मोजायच्या नावाखाली प्लेट गळ्यात मारतो, माझे पॅड प्लेट खातात. अर्धं खरं बोललं की लोकांना पटतं बाप्पा. सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेला, पॅड सकाळी थंडीत जरा वाजतो आणि प्लेटही थोडी जास्त घासतो, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत होतो. पण तो उष्णता सोसतो म्हणून घाटाच्या गाडीला देतो. गावातल्या गावात, अचलपूर ते चांदूर बाजार फिरणाऱ्या अल्टोला मी कधी तो दिला नाही, तिला कंपनीचा साधा ऑरगॅनिक पुरतो, आवाज नको धूळ नको म्हणणाऱ्याला सिरॅमिक, एवढंच. भोकं पाडलेली शोची प्लेट तर रोजच्या गाडीला मागूच नका, ताप बसला की भोकापासून चीर जाते.

ते वर्ष मी कसं काढलं माझं मला माहीत. दोन्ही पोट्टे सोडून गेले, एक तर समोरच लागला. अमरावतीच्या डीलरनं उधारी बंद केली, कॉम्प्रेसर विकला, संत्र्याच्या सीझनमध्येही पिकअपवाले समोरच थांबून राह्यले. दसऱ्याला हत्यारांची पूजा केली तेव्हा दुकानात मी आणि बायको दोघंच.

तेव्हा मामा आले. नात्याचे नाहीत, चिखलदऱ्याची टॅक्सी चालवतात, सगळं स्टँडच त्यांना मामा म्हणतं. त्यांची गाडी ब्रेक मारला की थरथरत होती, स्टेअरिंग हातात नाचायचं. समोरच्यानं प्लेट वाकली म्हणून नवी टाकली होती आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच. मी प्लेट काढली तर हबच्या, म्हणजे प्लेट ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंजाची खपली, नखाएवढी. तिच्यावरच नवी प्लेट कसली होती. डायल गेज लावला, 0.14 मिलिमीटर. एवढ्या गाडीला 0.05 च्या आत पाहिजे. प्लेट जराशी तिरपी फिरते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते, हजारो किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते आणि मग थरथर सुरू. लोक म्हणतात वाकली, खरं तर जाडी कमीजास्त झालेली असते. हब तारेच्या ब्रशनं पांढरा केला, दोन्ही बाजूच्या प्लेटा जोडीनं नव्या टाकल्या, त्यांचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसलं, नट आडव्यातिडव्या क्रमानं टॉर्क पान्यानं कसले. काटा 0.03 वर आला. मामांना म्हटलं, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका, पॅड प्लेटवर बसू द्या.

पैसे देताना मामांनी सनशेडच्या मागून रबर लावलेला गठ्ठा काढला. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या, पहिल्या वर्षापासूनच्या. म्हणाले, "पोरा, तुही वही गेली म्हनतेत, तं हे घे, उतरून काढ. दुकान बंद नको करू, मी कोनाच्या भरोशावर घाट उतरू?"

त्यांनी स्टँडवर सांगितलं आणि आठवड्याभरात एकेक ड्रायव्हर आपापल्या चिठ्ठ्या घेऊन आला. कोणाच्या तेलकट, कोणाच्या अर्ध्या फाटलेल्या. रात्री बायको वाचायची, मी लिहायचो. 41 गाड्या भरल्या.

आता दुकानात चार माणसं आहेत, लिफ्ट आहे, कॉम्प्रेसर नवा आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला लावतो, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा 155 वर येतो, आणि घाटात ऑइल उकळलं की पेडल सरळ खाली जातं, मग पॅड कितीही भारी टाका. पावसाळ्यात चिखलदऱ्याला येणाऱ्या नागपूर-अकोल्याच्या पाहुण्यांना हात जोडून सांगतो, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, एएमटी (आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर एम, म्हणजे हातानं गिअर टाकायच्या मोडवर घ्या, जळका वास आला की कडेला थांबा, आणि गरम प्लेटवर पाणी मारू नका.

समोरचं दुकान अजून आहे, रोज शटर उघडताना नजरानजर होते, तो बोलत नाही, मीही नाही. वही त्यानं दिली नाही. नव्या वहीत चिठ्ठ्यांवरून आलेल्या 41 गाड्या आहेत, बाकीच्यांची पहिली मापं त्याच्याकडंच पडून आहेत, आणि त्यातली एखादी गाडी आली की मला त्या रकान्यात अजूनही रेघ मारावी लागते.