चेहऱ्यावरची मृत त्वचा काढताना : माझा अनुभव

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू शेतीचे. ऑक्टोबरात कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की सकाळपासून उन्हात वाकून काम करावे लागते आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळला तरी गाल आणि नाक उघडेच राहतात. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला की खरखर लागत असे, आणि पावडर लावली तर ती हनुवटीवरच्या पापुद्र्यांत जमून बसत असे. तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते, म्हणून मी तालुक्याच्या बाजारातून अक्रोडाच्या कवचाचे स्क्रब आणले आणि रोज रात्री चेहऱ्यावर घासू लागले.

चार-पाच दिवस त्वचा गुळगुळीत वाटली. त्या उत्साहात मी लिंबाचा रस आणि साखरही चोळायला सुरुवात केली. आठव्या दिवशी शेतात घाम आला तेव्हा गालांवर मीठ चोळल्यासारखी आग झाली, आणि बांधावर भेटलेल्या काकूंनी विचारले, "काऊन व माय, तोंड एवढं लाल काऊन झालं?" लाली ओसरली, पण जिथे जोर देऊन घासले होते नेमके तिथेच, दोन्ही गालांच्या हाडांवर, तपकिरी चट्टे उमटले.

घाबरून मी औषधाच्या दुकानातून रंग उजळवणारे एक मलम आणले. आमच्या वहिनी आशा सेविका आहेत. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली, त्यात स्टेरॉईड होते, आणि मला ते उघडूही दिले नाही. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावत राहिले तर त्वचा पातळ होते, पुरळ येते आणि मलम बंद करताच चेहरा पुन्हा भडकतो, हे त्यांना ठाऊक होते. गावोगाव मुली ही मलमे वापरतात, याचे मला फार वाईट वाटते.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी मला आधी एक गोष्ट समजावली. त्वचेच्या आतल्या थरात तयार झालेल्या पेशी तरुणपणी साधारण 4 आठवड्यांत वर येतात आणि आपोआप गळून पडतात. वय वाढले किंवा त्वचा कोरडी पडली की त्या चिकटून राहतात. आपण फक्त तो चिकटपणा सैल करायचा असतो. घरी आल्यावर मी स्क्रबचा एक कण बोटांच्या चिमटीत धरून पाहिला. पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाचे टोक बोटाला टोचते, तसाच तो टोचला. लिंबाचा रस तर त्वचेच्या स्वाभाविक आम्लतेपेक्षा कितीतरी पट तीव्र असतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला इजा झाली की तिथे डाग पडतो आणि महिनोन्महिने जात नाही.

सहा आठवडे सर्व घासणे बंद होते. सौम्य फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर आणि सकाळी एसपीएफ 30 चे सनस्क्रीन, तेही दोन बोटांवर लांब रेघ ओढून चेहऱ्याला व मानेला पुरेल इतके, आणि शेतात असताना दर दोन तासांनी पुन्हा. एवढेच करायचे होते. बहिणीच्या हळदीला आत्याबाई वाटी घेऊन आल्या तेव्हा मी गाल मागे घेतले आणि दोन्ही हात पुढे केले.

जानेवारीत डॉक्टरांच्या सल्ल्याने मृत पेशींचा चिकटपणा सैल करणारे 5 टक्के लॅक्टिक ॲसिड सुरू केले. (दह्यातही हेच आम्ल असते, पण ते किती प्रमाणात आहे हे कळत नाही, म्हणून मी दह्यावर विसंबले नाही.) आधी कानामागे थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहिली. मग आठवड्यातून एकदा, रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे घेऊन, डोळ्यांच्या कडा, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडून लावू लागले. त्यावर मॉइश्चरायझर. सौम्य चुणचुण मिनिटभरात थांबली तर ठीक. जळजळ सुरू झाली तर लगेच पाण्याने धुऊन टाकायचे. ज्या आठवड्यात ओठांवर थ्रेडिंग केले असेल त्या आठवड्यात मी ते लावत नाही. या आम्लाने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते आणि ते थांबवल्यावरही सुमारे आठवडाभर तशीच राहते, म्हणून सनस्क्रीनचा नियम मी कधीही मोडला नाही.

तिसऱ्या महिन्यात खरखर गेली. चट्टे फिके व्हायला मात्र जवळजवळ वर्ष लागले, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांकडे सरकला तेव्हा डॉक्टरांना विचारून मी ॲसिड पूर्ण बंद ठेवले. मृगाचा पाऊस पडल्यानंतर रविवारच्या रात्री पुन्हा सुरुवात केली, आणि या वर्षी वहिनींच्या मुलीनेही स्वतःच्या कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहिली आहे.